जाहिरातीच्या मसुद्यातील वयभेद दाखवणारी सेवा: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

नोकरभरतीच्या जाहिरातींचे मसुदे तपासून त्यांत वयाच्या आधारे भेदभाव करणारा मजकूर कोठे आहे, हे दाखवून देणारी एक ऑनलाइन सेवा आमच्या संस्थेने गेले अकरा महिने वापरली. या काळात मी स्वतः लिहिलेल्या आणि निरनिराळ्या विभागप्रमुखांकडून आलेल्या चौतीस जाहिराती तिच्याकडे पाठवल्या. तिने केलेल्या खुणा, सुचवलेले बदल आणि त्यांतले आम्ही स्वीकारलेले किती, याची नोंदही ठेवली. सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. तिच्या उणिवा मी एकाच संस्थेच्या अनुभवावरून सांगत आहे, आणि अशी कोणतीही सेवा घेताना नेमके काय तपासून पाहावे, हे वाचकांपर्यंत पोहोचावे एवढाच माझा हेतू आहे.

ही सेवा घ्यावीशी वाटली ती एका पत्रामुळे. समन्वयक पदासाठी मी लिहिलेल्या जाहिरातीची सुरुवात ‘तरुण व तडफदार उमेदवार पाहिजेत’ अशी होती. बावन्न वर्षांच्या एका बाईंनी पत्र पाठवून विचारले की, पदाच्या सर्व अटी त्या पूर्ण करतात, तरी त्यांनी अर्ज करावा किंवा कसे, एवढेच कळवावे. अर्ज अवश्य करावा, असे मी त्याच दिवशी कळवले. पण त्यांचा अर्ज आला नाही. वयाची कोणतीही अट आमच्या नियमांत नव्हती, निवड समितीच्या मनातही नव्हती, आणि तरीही माझ्या एका शब्दाने ती अट घातली गेली होती. ज्यांनी पत्र न लिहिता जाहिरात नुसती बाजूला ठेवली असेल, अशा लोकांची संख्या मला कधीच कळणार नाही. जाहिरातीतील वयभेदाचे हेच सर्वांत वाईट अंग आहे, कारण ज्याच्यावर अन्याय होतो तो दारापर्यंत येतच नाही आणि आलेल्या अर्जांच्या मोजदादीत त्याचा कोठेही पत्ता लागत नाही.

सेवेचे काम दोन स्तरांवर चालते. मसुदा चढवला की काही क्षणांत संगणकीय तपासणी होते आणि आक्षेपार्ह शब्दांवर रंगीत खुणा उमटतात. प्रत्येक खुणेजवळ आक्षेपाचे कारण आणि एखादा पर्याय दिलेला असतो. दुसऱ्या स्तरावर, म्हणजे अधिक शुल्क भरल्यास, एक तपासनीस पूर्ण मसुदा वाचून दोन कामकाजाच्या दिवसांत लेखी शेरा पाठवतो. सेवा अनेक भाषांत चालते आणि मराठी त्यांपैकी एक आहे. आम्ही पहिले चार महिने फक्त पहिला स्तर वापरला आणि नंतर दोन्ही घेतले. या दोन स्तरांत जे अंतर आहे, तेच या परीक्षणाचा मुख्य विषय आहे.

उघड शब्द पकडण्यात पहिला स्तर चांगला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ‘तरुण’, ‘२५ ते ३५ वयोगटातील’, ‘नुकतेच पदवीधर झालेले’, ‘फ्रेशरना प्राधान्य’, ‘डिजिटल युगात वाढलेले’ असे प्रयोग त्याने एकदाही सोडले नाहीत. ‘कार्यालयीन कामासाठी मुलगा किंवा मुलगी पाहिजे’ या वाक्यावर त्याने दिलेले स्पष्टीकरण तर मला फार आवडले. कामाच्या संदर्भात ‘मुलगा’ हा शब्द वय, लिंग आणि हुद्द्याचे हलकेपण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांगतो, म्हणून पदाचेच नाव लिहावे, असे तेथे म्हटले होते. ‘होतकरू’ या शब्दावरची खूण मला सुरुवातीला अनावश्यक वाटली. शब्दाच्या अर्थात वय नाही, हे खरे आहे. पण पन्नाशीच्या माणसाला आपण होतकरू म्हणतो का, असा प्रश्न स्वतःला विचारल्यावर मी तो शब्द काढून ‘नवीन काम शिकण्याची तयारी असलेले’ असे लिहिले.

अशा विशेषणांना कोणी किरकोळ समजू नये. उत्तर आयर्लंडमध्ये वयभेदविरोधी नियम २००६ साली लागू झाले आणि त्यानंतर लवकरच, २००७ मध्ये, तेथील न्यायाधिकरणासमोर एक प्रकरण आले. विक्री प्रतिनिधीच्या जाहिरातीत ‘तरुणाईचा उत्साह’ मागितला होता आणि अठ्ठावन्न वर्षांच्या अर्जदाराला नाकारून कमी वयाच्या उमेदवारांना घेण्यात आले होते. न्यायाधिकरणाने जाहिरातीतील हे दोन शब्द आणि मुलाखतीत विचारलेले प्रश्न एकत्र पाहिले आणि वयामुळे भेदभाव झाल्याचा निष्कर्ष काढला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की उत्साह मागण्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. उत्साहाला वयाचे विशेषण जोडले, तेथे दोष झाला. आमच्या सेवेला हा फरक समजतो: ‘उत्साही’ शब्द तिने तसाच राहू दिला आणि ‘तरुण उत्साही’ मधील पहिल्या शब्दावर खूण केली.

मराठीच्या बाबतीत मात्र संगणकीय तपासणी काही ठिकाणी अडखळते. ‘ज्येष्ठ लेखापाल’ या पदनामावर तिने तीन वेळा आक्षेप घेतला. आपल्याकडे ‘ज्येष्ठ’ हा शब्द वयाने मोठा आणि हुद्द्याने वरचा, अशा दोन्ही अर्थांनी चालतो. पदनामात तो केवळ श्रेणी दाखवतो, हे तिला कळले नाही. त्याचप्रमाणे ‘तरुण वाचकांसाठीच्या पुस्तकांचे संपादन’ हे कामाचे वर्णन होते, उमेदवाराचे नव्हे, तरी तेथेही लाल खूण उमटली. अशा चुकीच्या खुणांचा त्रास वेळ जाण्यापुरता नसतो. विभागप्रमुखांचा सेवेवरील विश्वास त्यामुळे उडतो आणि नंतर योग्य खुणांकडेही ते दुर्लक्ष करतात, हे मी दोनदा पाहिले.

याउलट, एक महत्त्वाची गोष्ट तिच्या नजरेतून पूर्णपणे सुटली. आमच्या समाजमाध्यमांसाठीच्या एका जाहिरातीत उमेदवाराला ‘तू’ म्हणून संबोधले होते: ‘तुला आव्हाने आवडतात का? मग तू आमच्यासोबत काम कर.’ यात वयाचा एकही शब्द नाही, म्हणून तपासणीत मसुदा निर्दोष ठरला. पण अनोळखी माणसाला मराठीत ‘तू’ म्हणताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असते, हे कोणत्याही मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. पंचेचाळीस वर्षांची व्यक्ती ती दोन वाक्ये वाचून ‘हे माझ्यासाठी नाही’ असेच समजेल. ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ लिहिल्याने जाहिरात रुक्ष होत नाही. मी हा मुद्दा सेवेला कळवला असता, संबोधनाची तपासणी सध्या उपलब्ध नाही, असे उत्तर आले. उत्तर प्रामाणिक होते, परंतु मराठीत चालणाऱ्या सेवेने ही तपासणी आधीच करायला हवी होती, असे माझे मत आहे.

आता ज्या भागासाठी मी ही सेवा चालू ठेवण्याच्या मताचा झालो, त्या भागाकडे येतो. जाहिरातीतील वयभेद फार थोड्या वेळा शब्दांत असतो. बहुतेक वेळा तो अटींत असतो, आणि अट दिसायला पूर्णपणे निःपक्षपाती असते. आमच्या एका विभागाने ‘अनुभव: २ ते ५ वर्षे, त्याहून अधिक नको’ असे लिहून पाठवले होते. संगणकीय तपासणीने त्यावर पिवळी खूण केली आणि ‘वरची मर्यादा आवश्यक आहे का?’ एवढेच विचारले. तपासनिसाचा शेरा मात्र एक पानभर आला. पाचच वर्षांच्या अनुभवाची व्यक्ती बहुधा तिशीच्या आतबाहेर असणार, म्हणून ही मर्यादा म्हणजे वेगळ्या कपड्यांतील वयोमर्यादाच होय, असे त्याने लिहिले होते. त्यापुढे त्याने तीन प्रश्न विचारले होते. सहाव्या वर्षी उमेदवाराच्या हातून हे काम बिघडेल असे काय आहे? अडचण वेतनाची आहे का? की अनुभवी माणूस आपल्यापेक्षा कमी वयाच्या वरिष्ठाचे ऐकणार नाही, अशी भीती आहे?

विभागप्रमुखांशी बोलल्यावर खरे कारण वेतनाचे निघाले. मग तपासनिसाने सुचवल्याप्रमाणे आम्ही वरची मर्यादा काढली, वेतनश्रेणी स्पष्ट लिहिली आणि या पदाच्या हाताखाली कोणीही काम करणार नाही, हेही नमूद केले. आलेल्या अर्जांत वीस वर्षांहून अधिक अनुभव असलेले तीन अर्ज होते. त्यांपैकी एका गृहस्थांनी मुलाखतीत सांगितले की, व्यवस्थापनाचे ओझे उतरवून पुन्हा प्रत्यक्ष काम करायचे आहे आणि वेतन वाचूनच त्यांनी अर्ज केला आहे. ते आज त्या पदावर आहेत. ‘गरजेपेक्षा अधिक पात्र’ हा शिक्का आपण ज्यांच्यावर मारतो, त्यांचा निर्णय त्यांच्या वतीने आपणच घेऊन टाकतो, हे मला त्या मुलाखतीत नीट उमगले.

अनुभवाच्या वरच्या मर्यादेबद्दल कायदा सर्वत्र सारखे बोलत नाही, आणि सेवेच्या माहिती विभागात हे पुरेसे स्पष्ट केलेले नाही, ही माझी एक मोठी तक्रार आहे. इंग्लंडमधील एका शाळेच्या जाहिरातीत ‘कारकिर्दीच्या पहिल्या पाच वर्षांतील’ शिक्षक मागितले होते. साठी ओलांडलेल्या एका शिक्षिकेने दाद मागितल्यावर न्यायाधिकरणाने तो अप्रत्यक्ष वयभेद, म्हणजे वयाचा उल्लेख न करताही ठरावीक वयाच्या लोकांना वगळणारी अट, ठरवला. खर्च परवडत नसल्याचे कारण तेथे टिकले नाही. अमेरिकेत मात्र २०१९ साली सातव्या विभागीय अपील न्यायालयाने नेमका उलटा कौल दिला. ‘३ ते ७ वर्षे, सातपेक्षा अधिक नाही’ अशी अट असलेल्या वकिलाच्या पदासाठी अठ्ठावन्न वर्षांच्या अर्जदाराने दावा लावला होता. अशा अप्रत्यक्ष परिणामाविरुद्ध दाद मागण्याची तरतूद नोकरीत असलेल्यांसाठी आहे, बाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी नाही, असा निर्णय आठ विरुद्ध चार मतांनी झाला. म्हणजे एकच अट एका देशात बेकायदा ठरते आणि दुसऱ्या देशात, निदान त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात, बाहेरच्या अर्जदाराला त्याच मार्गाने तिला आव्हानही देता येत नाही. सेवा मात्र दोन्हीकडे तीच पिवळी खूण दाखवते.

देशादेशांतला हा फरक आणखीही ठिकाणी आडवा येतो. अमेरिकेचा १९६७ चा वयभेदविरोधी कायदा चाळीस आणि त्यापुढील वयाच्या लोकांनाच संरक्षण देतो. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा कोणत्याही वयाच्या माणसाला लागू आहे, त्यामुळे तेथे ‘किमान १० वर्षांचा अनुभव’ ही अट कमी वयाच्या सक्षम उमेदवाराला विनाकारण वगळते का, हाही प्रश्न तितकाच खरा ठरतो. जपानने २००७ पासून भरतीत वयाची अट घालण्यावर, ठरावीक अपवाद सोडून, मनाई केली आहे. ज्या संस्था एकाहून अधिक देशांत भरती करतात, त्यांनी या सेवेच्या कायदेविषयक टिपांवर विसंबून राहू नये.

शैक्षणिक अटींच्या बाबतीत तपासनिसाचे काम पुन्हा एकदा उजवे ठरले. आमच्या एका पदासाठी विशिष्ट पदविका सक्तीची होती आणि ती पदविका बारा वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हती, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्याआधी शिक्षण संपवलेल्या आणि तेच काम वर्षानुवर्षे करणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एका ओळीत बाहेर ठेवत होतो. ‘किंवा समकक्ष कामाचा अनुभव’ एवढे शब्द जोडल्यावर हा दोष दूर झाला. पदवीची अट वयाशी कशी जोडली जाते, याचे उदाहरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालातही आहे. तेथे वरच्या वेतनश्रेणीसाठी कायद्याची पदवी आवश्यक केली होती आणि निवृत्तीच्या जवळ आलेल्या कर्मचाऱ्याला ती पूर्ण करण्याइतका काळच उरला नव्हता. न्यायालयाने त्या अटीचा परिणाम अप्रत्यक्ष वयभेदाचा मानला आणि ती समर्थनीय होती का, हे ठरवण्यासाठी प्रकरण परत पाठवले.

वयाची अट कधीच योग्य नसते, असे सेवा म्हणत नाही आणि ते बरोबरच आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशात, कामाच्या स्वरूपामुळे खरोखर आवश्यक असलेल्या गुणाला जागा आहे. संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये जर्मनीतील अग्निशमन दलाच्या भरतीसाठी तीस वर्षांची मर्यादा मान्य केली, तर २०१४ मध्ये स्पेनमधील एका नगर पोलीस दलाची तीस वर्षांचीच मर्यादा अमान्य केली, कारण त्या कामाला लागणारी शारीरिक क्षमता चाचणी घेऊन पाहता येत होती. जाहिरात लिहिणाऱ्याला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या भांडार विभागाच्या मसुद्यातील ‘सुदृढ व तरुण’ हे शब्द काढून, ‘दिवसातून अनेक वेळा २० किलोपर्यंत वजनाची खोकी उचलावी लागतील’ असे वाक्य सेवेच्या सूचनेवरून लिहिले. आता वाचणाऱ्याला स्वतःच्या शरीराविषयी स्वतः ठरवता येते.

सेवेचा मला सर्वांत न पटलेला भाग म्हणजे प्रत्येक मसुद्याला मिळणारे शंभरपैकी गुण आणि नव्वदच्या पुढे गेल्यावर मिळणारे हिरवे मानचिन्ह. विभागप्रमुखांना हे गुण आवडतात आणि येथेच धोका आहे. त्र्याण्णव गुण मिळालेल्या एका मसुद्यात ‘आमच्या चमूचे सरासरी वय २७ आहे’ असे वाक्य होते. ते खरे होते, त्यात कोणतीही मागणी नव्हती आणि कोणतेही विशेषण नव्हते, त्यामुळे यंत्राला त्यात वावगे काही दिसले नाही. तपासनिसाने मात्र पहिल्याच ओळीत लिहिले होते की, हे वाक्य अर्जदाराला त्याने किती वर्षांचे असावे, ते सांगते. केवळ पहिला स्तर घेतला असता तर तो मसुदा मानचिन्हासह प्रसिद्ध झाला असता आणि त्याबद्दल शंका घेणाऱ्याला आम्ही मानचिन्ह दाखवले असते.

मसुद्याच्या बाहेर काय घडते, याकडे सेवा पाहतच नाही. जाहिरातीसोबतचे छायाचित्र ती तपासत नाही. आमच्या छायाचित्रात सगळेच चेहरे पंचविशीतले होते. अर्जाच्या नमुन्यातील रकानेही ती तपासत नाही. आमच्या नमुन्यात जन्मतारीख, दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि पदवीचे वर्ष, असे तीन रकाने होते, म्हणजे जाहिरातीतून काढलेले वय आम्ही अर्जातून तिप्पट गोळा करत होतो. अमेरिकेच्या नियमांत जन्मतारीख विचारणे स्वतःहून बेकायदा मानलेले नाही, पण अशी विचारणा वयस्क अर्जदाराला परावृत्त करू शकते म्हणून ती बारकाईने तपासली जाईल, असे सांगितलेले आहे. जाहिरात कोणाला दाखवली जाते, हा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. ठरावीक वयोगटालाच नोकरीच्या जाहिराती दाखवण्याची सोय फेसबुकवर अनेक वर्षे होती. नागरी हक्क संघटनांशी झालेल्या तडजोडीनंतर मार्च २०१९ मध्ये कंपनीने नोकरी, घर आणि कर्ज यांच्या जाहिरातींसाठी वयानुसार निवड बंद करण्याचे जाहीर केले. अत्यंत निर्दोष शब्दांतली जाहिरातही पस्तिशीच्या पुढच्यांना दिसलीच नाही, तर शब्द सुधारण्याच्या सगळ्या श्रमांचा काय उपयोग? किमान एक स्मरणसूची देणे सेवेला सहज शक्य आहे आणि तसे मी त्यांना लेखी सुचवले आहे.

तांत्रिक बाजूबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. पान लवकर उघडते, मसुद्याच्या आधीच्या आवृत्त्या जपल्या जातात आणि शेरा ठरलेल्या मुदतीत येतो. अकरा महिन्यांत फक्त दोनदा उशीर झाला आणि दोन्ही वेळा आधी कळवण्यात आले.

ज्यांच्याकडे वर्षाला चार-पाचच जाहिराती निघतात, त्यांना मी ही सेवा घेण्याचा सल्ला देणार नाही. त्यांनी मसुद्यातील प्रत्येक अटीपुढे ‘हे काम करण्यासाठी ही अट का लागते?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहावे, आणि ज्या अटीचे उत्तर लिहिता येत नाही ती काढावी. तपासनिसाच्या शेऱ्यांचा गाभा तोच आहे. मोठ्या प्रमाणावर भरती करणाऱ्या आणि अनेकांच्या हातून मसुदे येणाऱ्या संस्थांनी दोन्ही स्तर घ्यावेत; एकटा पहिला स्तर घेणे मला धोक्याचे वाटते.

आम्ही पुढील वर्षासाठी दोन्ही स्तरांचे नूतनीकरण केले आहे. गुणांचा रकाना अंतर्गत अहवालातून वगळला आहे आणि त्याच्या जागी तपासनिसाचे प्रश्न व विभागप्रमुखांची उत्तरे जोडली जातात. जन्मतारीख आता निवड झाल्यानंतर, नेमणुकीच्या कागदपत्रांतच विचारली जाते. समन्वयकाचे पद याच महिन्यात पुन्हा रिक्त झाले आहे. त्याची नवी जाहिरात ‘समन्वयक पाहिजेत’ एवढ्याच शब्दांनी सुरू होते आणि तिची एक प्रत मी त्या बाईंच्या पत्त्यावर पाठवली आहे.